रंगखात्याची माती

"हुंग," साहेब म्हणाला.

लोखंडी नळीतून नुकतीच वर आलेली माती त्याने माझ्या नाकाखाली धरली. काळी, चिकट, मध्ये मध्ये निळी. साहेबाच्या तोंडाला मास्क. बिल्डरच्या दोन माणसांनाही मास्क. मला नाही. मागितला तर म्हणाला, "मास्क लावून वास कसा येणार गं तुला?"

हुंगलं. डोकं गरगरलं आणि तिथेच भडाभडा ओकले. बिल्डरची माणसं मोबाइल काढून शूटिंग करत हसली. साहेब म्हणाला, "रंगखात्यातल्या माणसाची पोर ना तू? तुम्हा लोकांना हे सगळं पचतं."

परळची बंद पडलेली गिरणी. बांधकामाआधी जमिनीत विष किती मुरलंय ते बघायचं, हे आमच्या कंपनीचं काम. मी केमिस्ट्रीची बीएस्सी, फर्स्ट क्लास. गळ्यात कंपनीचं कार्ड. आणि कुत्रीसारखी माती हुंगत फिरत होते.

'तुम्हा लोकांना' म्हणजे कुणाला, ते मला शाळेपासून कळतं. विणाईखात्यात आमच्या लोकांना घेत नसत. तिथे धागा तोंडाने ओढावा लागे, आमची थुंकी चालत नसे. म्हणून आजा रंगखात्यात, कापड रंगवायला. त्याच्यामागे बाप. याच गिरणीत. बापाची नखं मरेपर्यंत निळी होती. लघवीतून रक्त जाऊन जाऊन मेला. आणि हा म्हणतो, पचतं! संताप संताप झाला जिवाचा. पण तोंड पुसलं आणि पुढच्या खड्ड्याकडे गेले. घरात कमावणारी मी एकटी.

वास मोजायचं मशीन गाडीत असायचं. रोज चार्ज करून आणायचं, रोज तसंच परत न्यायचं. एकदा विचारलंच, "सर, मशीन का नाही लावत?"

साहेब कटिंग पीत होता. हसला. "मशीन आकडा ठेवतं, वेडे. आकडा राहिला की रिपोर्टात घालावा लागतो. तुझं नाक काही ठेवत नाही."

तेव्हा डोक्यात लख्ख झालं. मी जिथे तोंड वाकडं करायचे, तो खड्डा बुजवला जायचा. नमुन्याच्या जागेची झेंडी ही माणसं उपटून लांब रोवायची, तिथली बरी माती बाटलीत भरून लॅबला. माझंच नाक वापरून घाण लपवत होते, भडवे. आणि प्लॅन तर साइट ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलेला, सगळ्यांना दिसेल असा. विकायचा टॉवर त्या टोकाला, गोदामाच्या जागेवर. रंगखात्याच्या जागेवर पुनर्वसनाची बिल्डिंग, पुढे मुलांचं गार्डन. पुनर्वसन म्हणजे आमची चाळ. मी राहते ती.

एका रविवारी चाळीतली माणसं जागा बघायला आली. बायकांनी हळदकुंकू आणलं होतं, कुणी नारळ. शेजारच्या मावशीने वाकून चिमूटभर माती उचलली आणि नातीच्या कपाळाला लावली. देवाचा अंगारा लावतात तशी. पोरगी चार वर्षांची. कपाळावरची माती बोटाने खाली आणली आणि बोट तोंडात घालायला निघाली.

मी धावले. तिचा हात धरला, ओढणीने कपाळ खसाखसा पुसलं. पोर रडायला लागली.

साहेब दात काढत पुढे आला. "तुमचीच मुलगी आहे. तीच सांगेल. सांग गं, माती स्वच्छ आहे म्हणून."

"नाही सांगणार."

"काय?"

"नाही सांगणार. मशीन लावते."

गाडीतून मशीन काढलं. जवळच्या बुजवलेल्या खड्ड्यातली भुसभुशीत माती उकरून नळी आत घातली. मशीन बोंबलायला लागलं. आकडा चढतच गेला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. साहेबाने हिसकावून बंद केलं. "लायकी दाखवलीस," म्हणाला. गळ्यातलं कार्ड त्यानेच ओढून काढलं. दोरीने मान सोलली.

मला वाटलं, माझी माणसं माझ्या बाजूने उभी राहतील. कसलं काय!

मावशी नातीला कडेवर घेऊन माझ्यावरच धावून आली. "तुका कोणी इचारलेला गो? उद्या बिल्डर पळालो तर आमी खंय जावचा? ह्या खुराड्यात मरू?"

सगळे तिच्या मागे जाऊन उभे राहिले. आईसुद्धा.

आता नळावर माझी कळशी मागे सारतात. जिन्यात मी दिसले की दारं लागतात. चाळीचे कमिटीवाले सांगतात, साहेबाची माफी माग, म्हणजे थांबलेलं काम सुरू होईल. आई रात्री पाठ करून झोपते. वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू, रडूही येतं.

पण माफी मागणार नाही. लावलेल्या दारांबाहेर उभी राहून रोज तेच ओरडते. घर घेऊ, हक्काचं आहे. पण आधी ती माती तळापर्यंत खणून उचला, आमच्यासमोर मशीन लावा, मग पाया घाला. तोवर एक वीट चढू देणार नाही. बिल्डरची मशिनं आली तर खड्ड्यात उतरून बसेन. मावशी आडवी आली तर मावशीशीही भांडेन. तिच्या नातीला त्या मातीत मी बसू देणार नाही.