मावशींचा थांबलेला हात

सुमनच्या पोटावरून फिरणारा सुईण अनसूयामावशींचा हात एका जागी थांबला. मी माझ्या बायकोला, सुमनला, पाठीमागून आधार देऊन बसलो होतो. नवऱ्यानं जवळ असावं म्हणून मावशींनीच मला खोलीत बोलावलं होतं. आई दाराशी उभी होती.

मावशींनी पुन्हा चाचपून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "बाळ आडवं आहे. हे माझ्या हातचं नाही. गाडी बोलवा."

"तुम्ही एवढी बाळंतपणं केलीत की," आई म्हणाली.

"म्हणूनच सांगते."

गाडीत त्या सुमनला बिलगून बसल्या. प्रत्येक कळेला तिच्याबरोबर श्वास घेत होत्या. रस्ता संपता संपत नव्हता.

तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर मी विचार करत होतो, आयुष्यभराचा लौकिक बाजूला ठेवून, भरल्या घरात 'मला जमणार नाही' म्हणायला किती बळ लागत असेल. मला ऑफिसात साधी चूक कबूल करवत नाही.

सिस्टर मुलीला घेऊन आल्या. दोघी सुखरूप होत्या.

"आधी मावशींकडे द्या," मी म्हणालो.

मावशी बाकावरून उठल्या, पदराला हात पुसले आणि मुलीला छातीशी घेतलं.