दुखेल तिथे कर्नल!

औषधाच्या धंद्यात किस्से साचतात ते बाटलीच्या तळाला गाळ साचतो तसे. बाटलीवर 'वापरण्यापूर्वी हलवा' असं छापलेलंच असतं. जुन्या ऑफिसातलं कोणी भेटलं की आम्ही हलवतो!

ऑफिस मस्कतला, रुवीत. दोन हजार तेरा-चौदाच्या आसपासची गोष्ट. इंग्रजांच्या राज्यात निघालेली औषधं आणि घरगुती सामान विकणं हा आमचा धंदा. बाम, ग्राइप वॉटर, नीळ, दंतमंजन. माल बनायचा भिवंडीत, पण डब्यांवर अजून राणीचंच राज्य! सगळ्यात जास्त खपायचा 'कर्नल बाम'. डबीवर झुपकेदार मिशांचा गोरा कर्नल आणि मागच्या बाजूला इंग्रजीत आजार: डोकेदुखी, सांधेदुखी, विंचूदंश, आणि शेवटी चक्क 'उष्ण प्रदेशातली उदासी'. खाली घोषवाक्य, दुखेल तिथे कर्नल!

मी बिलिंगला होते. मॅनेजर कीर्तनेसाहेब, पुण्याचे. "इंग्रज गेला आणि क्वालिटी गेली" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. जसे काही हे स्वतःच त्याला बोटीवर बसवून आले होते!

आणि व्हॅन सेल्समन दळवी भाऊ, गुहागरकडचे. बायको आणि मुलगी प्राचीसकट वादी कबीरला राहायचे. त्यांचा व्हिसा निघाला होता तो बाम विकण्यासाठी. आमचे ओमानी मालक, म्हणजे अर्बाब, स्वच्छ सांगायचे, "कर्नल आहे तोवर व्हॅन आहे. व्हॅन आहे तोवर दळवी." थोडक्यात, प्राचीची शाळा त्या मिशीला लटकलेली होती.

*

दळवी भाऊंचं अरबी म्हणजे यल्ला, खलास, इन्शाल्ला. पुढचं सगळं ते कोकणी कानांनी ऐकायचे.

एकदा बरकाच्या रस्त्यावर त्यांची व्हॅन एका ओमानी माणसाच्या गाडीला घासली. भाऊ खाली उतरले. तो माणूस भला निघाला. ओरखडा बघून म्हणाला, "मालेश, मालेश." मालेश म्हणजे जाऊ दे हो, मनावर घेऊ नका. इकडे उठता-बसता म्हणतात.

भाऊंनी काय ऐकलं? मालिश!

व्हॅनमधून डबी काढली आणि भर रस्त्यात त्या माणसाची मान चोळायला घेतली. तो आधी दचकला, मग डोळे मिटून उभा राहिला, आणि जाताना दोन डझन घेऊन गेला. त्याचं दुकान होतं!

ऑफिसात येऊन भाऊ म्हणाले, "काय सांगू वैनी, सोन्यासारखी माणसं! गाडी ठोकली तरी शिवी नाय, मालिशच मागतात!"

मी खरं सांगणार, तेवढ्यात कीर्तनेसाहेबांनी डोळा मारला. विक्री होत होती ना! प्राचीला मात्र सगळं कळत होतं. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकी, बाबांना नको सांगू ना. ही इज सो हॅपी." मग मीही गप्प बसले.

*

एका मीटिंगमध्ये कीर्तनेसाहेब जाम खुशीत. वादी अदाईत ग्राइप वॉटरचा खप दुप्पट झाला होता. "बघा! फॅमिली येतायत, बाळं वाढतायत. मार्केट ग्रो होतंय!"

दळवी भाऊ कान खाजवत म्हणाले, "साहेब, त्या बिल्डिंगीत बायमाणूस नाय. सगळी वर्कशॉपची पोरं."

चौकशी केली तेव्हा कळलं. 'गोऱ्या साहेबाच्या वेळी ग्राइप वॉटरमध्ये दारू असायची' अशी बातमी तिथे कोणीतरी पसरवली होती. आमच्या बाटलीत बडीशेप आणि साखर! भाऊंनी एकाला विचारलं, "चढते काय रे?"

तो म्हणाला, "चढत नाही भाऊ. पण पोट एकदम साफ!"

*

एकदा मदिनत सुलतान काबूसच्या एका सुपरमार्केटात आम्ही टेबल मांडलं. कीर्तनेसाहेब टाय लावून उभे. खरे इंग्रज राहतात तिथे, त्यांच्या आजोबांच्या वेळचा माल बघून डोळ्यांत पाणी येईल, असा साहेबांचा हिशोब.

आला एक. म्हातारा, अर्धी चड्डी, लालबुंद. साहेबांनी डबी दोन्ही हातांनी पुढे केली, देवाला नैवेद्य दाखवावा तशी. "सर, युवर हेरिटेज!"

त्याने कर्नलला उलटसुलट पाहिलं, वास घेतला, शिंकला. बायकोला हाक मारून म्हणाला, "डार्लिंग, हाउ व्हेरी इंडियन!"

एक डबी घेतली मात्र. भारताची आठवण म्हणून!

साहेबांनी टाय तिथेच सोडला.

*

नीळ विकायची तर डेमो पाहिजे, हीसुद्धा साहेबांचीच आयडिया. भाऊंनी सीबमधल्या एका दुकानदाराचा पांढराशुभ्र डिशडाशा मागून घेतला, म्हणजे तो पायघोळ अंगरखा, आणि बादलीत नीळ ओतली. थेंब सांगितले होते, भाऊंनी धार धरली. अंगरखा निघाला आकाशी!

भाऊंचा चेहरा पडला. दुकानदार मात्र तोच वाळवून, घालून गल्ल्यावर बसला. आठवड्यात त्याचं गिऱ्हाईक विचारायला लागलं, हा रंग कुठल्या शिंप्याकडे मिळतो?

साहेब लगेच म्हणाले, "मी सांगत नव्हतो? ब्रिटिश टेस्ट!" असं आहे. बिघडलं तर दळवी, साधलं तर ब्रिटिश!

*

आणि मग सरकारी तपासणी आली. नियम एकच. औषध म्हणून नोंद नसेल तर अमुक आजार बरा करतो असं सांगून विकायचं नाही. विकताना आढळलं तर कर्नल खलास. प्राची तेव्हा बारावीत. बोर्डाची परीक्षा तोंडावर, आणि व्हिसा गेला तर मुलीने पेपर द्यायचे कुठे? आदल्या दिवशी दळवी भाऊंनी जेवणाचा डबाच उघडला नाही. मला म्हणाले, "वैनी, पोरीला काय तोंड दाखवू?"

सकाळी कीर्तनेसाहेबांनी बजावलं, "दळवी, तुम्ही तोंड उघडायचं नाही. मी बोलतो."

इन्स्पेक्टर तरुण होता, गंभीर. साहेब 'सर, सिन्स ब्रिटिश टाइम्स' म्हणून सुरू झाले. त्याने हात वर केला. "तुम्ही विकत नाही. विकतं कोण?"

अर्बाबने दळवी भाऊंकडे बोट केलं. आम्ही सगळ्यांनी देवाचं नाव घेतलं. साहेबांनीसुद्धा!

इन्स्पेक्टरने डबी उलटी केली आणि 'डोकेदुखी'वर बोट ठेवून अरबीत विचारलं, "सदीक," म्हणजे दोस्ता, "हे याने खरंच बरं होतं?"

भाऊंना एवढंच कळलं, की यावर बाम कसा वापरायचा ते हा विचारतोय. तोंडातून एकच शब्द फुटला, "मालिश."

इन्स्पेक्टरने ऐकलं मालेश! त्याने भुवया उचलल्या. "सांधेदुखी?"

"मालिश."

"विंचू?"

"मालिश, सर, मालिश!"

अर्बाबने शालीचं टोक तोंडात कोंबलं. इन्स्पेक्टरचे ओठ हलायला लागले. "आणि ही उदासी?"

भाऊंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोन्ही हात जोडून पुटपुटले, "मालिश..."

इन्स्पेक्टर अर्बाबकडे वळला. "तीस वर्षं मुरलेला सेल्समन असता तरी इतकं खरं बोलला नसता! हा कसलाच दावा करत नाही. मागच्या आजारांवर स्टिकर लावा, नुसता चोळायचा बाम म्हणून विका."

कर्नल वाचला. व्हॅन वाचली. मार्चमध्ये प्राचीने सगळे पेपर इथेच दिले. पण ते पुढचं. त्या क्षणी दळवी भाऊ भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडत होते. इन्स्पेक्टर जाता जाता थांबला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाला, "मालेश, सदीक. मालेश."

भाऊंनी डोळे पुसले, खिशातली डबी उघडली, बाही वर सारली आणि विचारलं,

"किधर दुखता है, सर?"