बोटीच्या पोटावरची रेघ

“पाहुणे बोटीतच उभे राहतील आणि बोट त्यांना घेऊन वर जाईल,” कार्यकारी अभियंता साहेब म्हणाले.

बोट उचलणाऱ्या नव्या लिफ्टचं उद्घाटन दोन दिवसांवर आलं होतं. मी विचारलं, “बोटीचं वजन किती?”

“बावीस टन. फाईलमध्ये आहे.”

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. बांधकाम किती भार पेलेल हे हिशेबाने सांगणं हा माझा धंदा. निवृत्त झाले तरी अधूनमधून शेवटच्या तपासणीला बोलावणं येतं, कारण सही कोणाची तरी लागतेच.

जागा धडगावच्या पलीकडची. नर्मदेच्या धरणाचं पाणी इथे सातपुड्याच्या घळींमध्ये शिरलं आहे आणि काठावरच्या पाड्यांना रस्ता नाही. त्यांचा दवाखाना म्हणजे ही बोट. एक डॉक्टर, एक सिस्टर, दोन खाटा, लशींचा फ्रिज. तिचा तळ गळत होता. दिवसरात्र पंप चालवून पाणी बाहेर टाकायचं, नाहीतर दवाखाना बुडाला. तळ दुरुस्त करायचा तर बोट पाण्याबाहेर काढायला हवी.

सपाट काठावर बोट उतारावरून ओढून घेतात. इथे काठ भिंतीसारखा, आणि पाणी वर्षभरात कित्येक मजले चढतं-उतरतं. म्हणून उभी लिफ्ट. पाण्यात काँक्रीटचे चार उंच खांब, त्यांच्यामध्ये लोखंडी प्लॅटफॉर्म. प्लॅटफॉर्म पाण्याखाली न्यायचा, बोट त्याच्यावर तरंगत आणायची, मग चार विंच, म्हणजे तारेचे दोर गुंडाळणारी यंत्रं, तिला प्लॅटफॉर्मसकट उचलतात. सुरक्षित क्षमता पंचवीस टन.

बावीस आणि पंचवीस. कागदावर सगळं छान होतं. मी पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात बोटीचे चालक नुरजीदादा पावरा जवळ आले.

“मॅडम, बोट खाली बसलीय.”

“म्हणजे?”

“फाईलमधी नाय दिसणार. इकडं या.”

बोट नवी आली त्या दिवशी, सामान चढायच्या आधी, पाणी जिथे टेकलं तिथे त्यांनी पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली होती. कोणी सांगितलं नव्हतं. आता ती रेघ पाण्याखाली होती. मी पट्टी लावली. चौदा सेंटीमीटर.

तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, हे शाळेत सगळेच शिकतात आणि परीक्षेनंतर परत देऊन टाकतात. या बोटीचा तळ सपाट, पन्नास चौरस मीटरचा. ती एक सेंटीमीटर खाली गेली की समजायचं, अर्धा टन वाढला. चौदा सेंटीमीटर म्हणजे सात टन. बावीस अधिक सात, एकोणतीस.

साहेबांनी ऐकून घेतलं. “पंचवीस म्हणजे सव्विसाव्याला तुटत नाही ना? तुम्ही लोक फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणून जास्तीची ताकद धरता की.”

“धरतो. जे आपल्याला माहीत नसतं त्यासाठी. हे चार टन आपल्याला माहीत आहेत.”

“उचलून तर बघू. दोरांवर काटे आहेत, ते वजन सांगतील.”

“काटा उचलल्यावर बोलतो, साहेब.”

चार दोर म्हणजे भाराचे चार समान वाटे, असं वाटतं. चार पायांची खुर्ची उंचसखल जमिनीवर ठेवून पाहा. ती दोनच पायांवर डुलते. एक दोर जरा ढिला राहिला की उरलेल्यांवर नको तेवढा भार येतो.

“पत्रिका छापून झाल्यात, मॅडम.”

“पत्रिकेवर वजन छापलंय?”

साहेब हसले नाहीत. मी पेनाचं टोपण परत लावलं.

मग सात टन शोधायला आम्ही बोटीत उतरलो. तळाशी सिमेंटचा जाड थर सापडला.

“फोडा,” साहेब म्हणाले.

“फोडला की बोट गेली,” नुरजीदादा म्हणाले. “भोकावर मीच टाकलंय ते. तेवढंच पाणी अडवून आहे.”

म्हणजे सिमेंट ठेवायचं आणि बाकीचं काढायचं. बाकीचं काय, हे डेकवर आल्यावर दिसलं. गेल्या वर्षी कोणी मोठे पाहुणे आले होते. त्यांच्यासाठी लोखंडी मंडप, नक्षीचं रेलिंग आणि सिमेंट-वाळूच्या मसाल्यात पक्की बसवलेली चकचकीत फरशी. पाहुणे वीस मिनिटं थांबले होते. त्यांचं स्वागत अजून बोटीवरच होतं.

ठेकेदाराचा फोरमन भटूआप्पा धानोऱ्याकडचा. तो ओशाळून म्हणाला, “फरशी मीच बशाडेल शे, मॅडम. साहेबनी सांगं, चमकाले पाहिजे.”

“निघेल का दोन दिवसांत?”

“काढी टाकसूत. बशाडाले आठ दिन लागनात, काढाले कितला लागतीन?”

साहेबांचा जीव मंडपात होता. “पाहुणे उन्हात उभे राहतील का?”

“पाहुणे काठावर बसतील. मंडपही तिथेच लावा.”

त्यांनी वाकून रेघेवरचं पाणी पाहिलं. मग म्हणाले, “काढा.”

मंडप निघाला, रेलिंग निघालं, फरशी फुटली. डिझेल, जनरेटर, फ्रिज काठावर आले. तळातलं साचलेलं पाणी पंपाने काढलं. नुरजीदादा दर तासाला पाण्यात उतरून पट्टी लावत आणि आकडा ओरडून सांगत. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी आकडा आला चार. म्हणजे चोवीस टन. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी मंडपात बसून बटण दाबलं. दोर ताणले. काट्यांनी, प्लॅटफॉर्मचं वजन वजा जाता, चोवीस टन आणि वर थोडं दाखवलं. उघडीबोडकी बोट संथपणे वर आली.

“एवढी साधी?” पाहुण्यांनी विचारलं.

“दवाखाना आहे, सर,” साहेब म्हणाले. ‘काढा’नंतर त्या दोन दिवसांतलं त्यांचं मला आवडलेलं हे दुसरं वाक्य.

भाषणं चालू असताना नुरजीदादा बोटीखाली गेले आणि त्यांनी भोकाशेजारी हातोडीने हलकेच ठोकलं. पत्रा बिस्किटासारखा तुटला. तो तुकडा त्यांनी आणून माझ्या हातात ठेवला.

नवा पत्रा बसला, सिमेंट गेलं, बोट पाण्यात उतरली आणि पंप बंद झाला. पुढे काही महिन्यांनी साहेबांच्या ऑफिसातून पत्र आलं: मंडप व फरशी पूर्ववत बसवण्यास हरकत नसल्याचं कळवावं. मी लिहिलं, “नुरजीदादांच्या रेघेवर सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त पाणी चढणार नसेल, तर हरकत नाही.”

उत्तर आलं नाही. वजन फाईलमध्ये बघू नये, पाण्याला विचारावं, एवढंच मी या प्रकरणातून शिकले. मंडप अजून काठावरच आहे. त्याच्या सावलीत पाड्यांवरची माणसं बोटीची वाट बघत बसतात.