फिनाईलचे आलुबोंडे

माझं दुकान आज चालू आहे ते रस्त्यापलीकडच्या आलुबोंडेवाल्या बाईमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिच्यावर जळताना दिसेन आणि वाचणाऱ्याला वाटेल, हिला उपकाराची जाणीव नाही. जाणीव आहे. जळणंही आहे.

मी जिवतीच्या पहाडावरची. आठवीत शाळा सुटली, मग लग्न झालं. नवऱ्याला सूरजागडच्या खाणीच्या ट्रकवर काम लागलं, म्हणून चामोर्शीच्या अलीकडे, रस्त्याला लागून, टिनाच्या शेडात नाश्त्याचं दुकान टाकलं. नवरा ट्रकवर, मी दुकानात. इथे माझं दुसरं कोणी नाही. लोक मला जिवतीवाली म्हणतात. समोरच्या बाईचं दुकान माझ्या आधीपासूनचं.

तिची काचेची पेटी मला फार सलायची. दिवसभर ट्रक जातात, लाल धूळ उडते. माझ्या उघड्या परातीत ती थेट आलुबोंड्यांवर बसायची, तिच्याकडे नुसती काचेवर. तिने फडकं फिरवलं की झालं. ड्रायव्हर लोक गाडी माझ्या दारात लावायचे आणि रस्ता ओलांडून तिच्याकडे खायला जायचे. माझ्या दारात, बरं!

अन्न तपासणारे साहेब तिच्याशी हसून बोलायचे. माझी परात पाहिली की त्यांच्या कपाळावर आठ्या.

"बाई, ही धूळ लोकांच्या पोटात जाते. बाजाराच्या दिवशी परत येतो. माल झाकलेला दिसला नाही तर दुकान बंद करावं लागेल." जाता जाता त्यांनी समोर बोट केलं. "त्या कसं ठेवतात, पाहा जरा."

ते बोट मला किती तरी दिवस टोचत राहिलं. दुकान बंद झालं असतं तर पहाडावर परत जाऊन जावेच्या तोंडून ऐकावं लागलं असतं, "गेली होती मोठी धंदा कराले!" त्या भीतीने जेवण जाईना. पण पेटी घ्यायला पैसे काही जमले नाहीत.

मी शिकले आश्रमशाळेत. तिथे साहेब येणार असले की सगळीकडे फिनाईल मारायचे. साहेब आत यायचे, वास घ्यायचे, मान हलवायचे, झाली तपासणी. तपासणीतलं मला तेवढंच ठाऊक. म्हणून बाजाराच्या दिवशी सकाळी मी जमीन फिनाईलने धुतली, टेबल पुसलं, बाकडं पुसलं आणि त्याच फडक्याने परातही पुसून घेतली. तिच्यात पहिला घाणा काढून ठेवला.

एका ड्रायव्हरने आलुबोंडा नाकाजवळ नेला. "वहिनी, हे हाटेल हाये का सरकारी दवाखाना? आता सुईबी टोचता का?"

सोबतचा खो खो हसला. दोघंही पलीकडे गेले. तिकडे गर्दी वाढली, हशा वाढला. त्यातला बाईचा आवाज मला बरोबर ओळखू आला.

थोड्या वेळाने ती गरम पाण्याची बादली घेऊन माझ्याकडे आली.

"काय करून राह्यली वो तू? लोकायले फिनाईल चारतं का? फेक हे सारं."

"काऊन फेकू? बाजाराचा दिवस हाये. माझं फेकलं का तुमचं जास्त खपते, नाई का?"

जे मनात होतं ते तोंडातून निघालं. मग परातीतला एक आलुबोंडा उचलून तिने माझ्या हातावर ठेवला. "खा मंग. मालकीणच खात नाई तं दुसऱ्यानं काऊन खावं?"

मी चावा घेतला. जीभ चरचरली, डोळ्यांत पाणी आलं. पूर्ण घाणा मी मागच्या खड्ड्यात टाकला आणि वरून माती लोटली. तिने साबण लावून परात घासली, टेबल गरम पाण्याने दोनदा धुतलं. मी दुसरा घाणा सोडला. तेवढ्यात साहेबांची गाडी बाजाराच्या तोंडाशी दिसली. बाई धावत पलीकडे गेली, पेटीतला माल पातेल्यात काढून वर झाकण ठेवलं, आणि एका ड्रायव्हरला हाताशी घेऊन पेटी उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"तोंड बंद ठेवजो," एवढंच म्हणाली.

मी ताजा घाणा पेटीत ठेवला, तोच साहेब आले. "अरे वा, पेटी घेतली!" मग वास घेत विचारलं, "फिनाईल कुठे आहे?" मी बाटली दाखवली. "ती खाण्याच्या वस्तूंपासून लांब ठेवायची." बस. दुकान वाचलं.

मग ते पलीकडे गेले. "बाई, पेटी कुठे गेली?"

"दुरुस्तीले देली ना साहेब."

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." आणि तिथेच, सगळ्यांसमोर, तिला चांगलं सुनावलं. बोलता बोलता त्यांनी वळून माझ्या टेबलाकडे पाहिलं. त्यांना काय कळलं ते तेच जाणोत.

त्या वेळी मला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या बाकड्यावरचे ड्रायव्हर तिच्या बाजूने उभे राहिले. "साहेब, बाईच्या हातचं खाऊन आम्हाले कधी पोटदुखी नाई झाली!" माझ्यासाठी असं कोण बोललं असतं? बोलणी खाऊनही ती हसत होती आणि तिचं गिऱ्हाईक जागचं हललं नाही. मी पेटीमागे उभी राहून आतल्या आत धुमसत होते. आधी मला तिच्या पेटीचा हेवा वाटायचा. आता तिला ती पेटी दुसऱ्याला उचलून देता येते, ह्याचा वाटू लागला.

पेटी परत करायला गेले तेव्हा तिने हातानेच थांबवलं. "बाजार उठेपर्यंत ठेव. आज धूळ जास्त हाये." ह्या देण्यात तिच्याहून वरचढ कशी होऊ, हे मला अजूनही कळलेलं नाही.

मागे एकदा बोलता बोलता ती म्हणाली, धम्मचक्र दिनाला नागपूरला जायचं फार मनात आहे, पण दुकान टाकून जाता येत नाही. तेव्हा मी विषय बदलला. आता इथे लिहून ठेवते. एका वर्षी मी तिला गाडीत बसवून देईन आणि ती येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दुकानं सांभाळीन. तिच्या दुकानात तिच्याच चवीचा माल काढीन, मीठसुद्धा माझ्या मनाने घालणार नाही. जळत जळत का होईना, एवढं मी तिच्यासाठी नक्की करीन.