व्हेनिस, पण पायी

सहलीचे फोटो माणूस एकदाच दाखवतो. किस्से मात्र लोणच्यासारखे मुरत जातात. आमच्या सिंगापूरच्या बुकित पंजांग भागातल्या कंपूचा दर शनिवारी हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, चहा असतो आणि कप अर्धा व्हायच्या आत कुणीतरी 'व्हेनिस' म्हणतंच. मग शिरीष साखर आणायच्या निमित्ताने उठतो. इथल्या चहात आधीच कंडेन्स्ड मिल्क ओतलेलं असतं, पण उठतो बिचारा!

शिरीष मूळचा पुण्याचा, आयटीत मॅनेजर. ऑफिसचा सर्व्हर कोसळला तरी डगमगत नाही, पण पाणी दिसलं की गर्भगळीत. कॉन्डोच्या स्विमिंग पूलशेजारून जाताना भिंतीला चिकटून चालतो.

आणि याच माणसाने साखरपुड्याच्या दिवशी नंदिनीला शब्द दिला होता, "तुला व्हेनिसला नेईन, गोंडोलात शेजारी बसवीन!" गोंडोलाच्या खाली पाणी असतं हे त्याला नंतर आठवलं. त्याला आता बावीस वर्षं झाली. नंदिनी हौशी बाई, ती विसरली नाही. मला तिचं मनापासून वाईट वाटायचं.

शेवटी गेल्या वर्षी तिकिटं निघाली. शिरीष, नंदिनी, त्यांचा तेरा वर्षांचा ईशान, शिरीषची आई म्हणजे आमच्या सगळ्यांच्या माई, आणि मी नि माझा नवरा मंदार.

*

जाण्याआधी रंगीत तालीम झाली. इथे एका मॉलमध्ये चक्क खोटा कालवा आहे आणि त्यात होड्या फिरतात. मंदार म्हणाला, "इथे बसून बघ, भीती मोडेल."

शिरीष लाइफ जॅकेट घालून बसला. ईशान त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडला, "पपा, द वॉटर ओन्ली अंटिल नी, लाह!"

"बुडायला गुडघाभर पाणीही पुरतं!" शिरीषने दोन्ही हातांनी फळी धरून ठेवली. पाच मिनिटं गेली. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मान ताठ झाली. म्हणाला, "जमलं की रे मला! काही वाटत नाही!"

होडीवाला नम्रपणे म्हणाला, "सर, मी आता दोरी सोडू का?"

*

व्हेनिसच्या स्टेशनबाहेर आलो तर समोर बस नाही, टॅक्सी नाही, नुसतं पाणी. बस म्हणजेसुद्धा बोट! शिरीषने खिशातून कागद काढला. त्याने हॉटेलपर्यंतचा पायरस्ता आधीच एक्सेलमध्ये मांडून ठेवला होता, पुलांसकट. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाला आणि छत्री उघडून निघाला. सिंगापूरचा माणूस, ऊन दिसलं की छत्री उघडतोच.

आम्ही बोटीने वीस मिनिटांत पोचलो. शिरीष दोन तासांनी आला. त्याच्यामागे ओळीने चौदा अनोळखी माणसं! गल्लीबोळांत चुकताना त्याने छत्री उंच धरली होती आणि एका ग्रुपला तो आपला गाइड वाटला होता. तो थांबला की ते थांबायचे. तो कागद उलटा करून बघायचा, ते फोटो काढायचे.

हॉटेलच्या दारात त्यातल्या एका आजोबांनी विचारलं, "आता जेवण ना?"

*

मंदारचंही ऐका. सिंगापूरला टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ते टेबल आपलं, मग खुशाल जेवण आणायला जा. हा कायदा जगभर चालतो अशी मंदारची समजूत! मोठ्या चौकातल्या कॅफेत त्याने पाकीट ठेवलं आणि आम्ही कबुतरं बघायला गेलो. वेटर पाकीट घेऊन धावत मागे आला, "सर, तुमचं राहिलं!" मंदारने परत जाऊन ते ठेवलं. वेटर पुन्हा धावत आला. मंदारने तिसऱ्यांदा ठेवलं.

यावेळी वेटर आला नाही. मंदार विजयी मुद्रेने म्हणाला, "बघ, शिकला!"

आम्ही परतलो तर टेबलावर एक जर्मन जोडपं बसलेलं. बाईंना सर्दी झाली होती. आमच्याच टिश्यूने नाक पुसत त्या मंदारला कॅफेचा माणूस समजून म्हणाल्या, "किती छान सोय आहे हो तुमच्याकडे!"

*

ईशानला व्हेनिसचं काही कौतुक नव्हतं. "आवर ब्लॉक बिहाइंड ऑल्सो गॉट कॅनल. अवर्स गॉट ऑटर सम मोअर!" सिंगापूरला घरांमागच्या कालव्यांत पाणमांजरं फिरतात, हे खरंच आहे. इथेही एखादं दिसेल म्हणून तो एका पुलावर वाकून उभा राहिला. तो काय बघतोय म्हणून एक माणूस थांबला. मग चार, मग पंचवीस. पूल जाम!

अर्ध्या तासाने गर्दीतून एक बाई ओरडल्या, "तो बघा! दिसला!" आणि टाळ्या पडल्या. ईशानला आजतागायत कळलेलं नाही, काय दिसलं ते.

*

शेवटचा दिवस. संध्याकाळी ट्रेन होती. नंदिनी अबोली रंगाची पैठणी नेसून धक्क्यावर आली. शिरीषने एक पाय पुढे टाकला, गोंडोला जराशी हलली आणि तो पाय मागे आला. "नंदे, मला नाही गं जमत."

नंदिनी निऱ्या सावरत एकटीच गोंडोलात चढली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. माई म्हणाल्या, "सरक बाजूला!" आणि स्वतः त्या दोघांसाठी असलेल्या मखमली आसनावर सुनेशेजारी जाऊन बसल्या. ईशान पुढे बसला आणि गोंडोला निघाली.

शिरीषला राहवेना. तो काठाकाठाने धावू लागला, मागे मी आणि मंदार. पहिल्या पुलावरून ओरडला, "नंदे, सॉरी!" दुसऱ्या पुलावरूनही तेच. नंदिनीने वर पाहिलं नाही. तिसऱ्या पुलापुढे गल्लीच संपली. खाली चार पायऱ्या, मग थेट पाणी. नंदिनीची गोंडोला वळणाकडे चाललेली.

पायऱ्यांशी दुसरी एक गोंडोला फोटोसाठी थांबली होती. त्यात पांढऱ्या झग्यातली नवी नवरी आणि सुटातला नवरदेव. शिरीषने त्यांना हात जोडले, डोळे गच्च मिटले आणि पाय टाकला!

तो बरोबर दोघांच्या मधे बसला आणि त्याने नवरदेवाचा हात घट्ट धरला. त्यांचा नावाडी इतका गोंधळला की त्याने होडी हाकारलीच. वळणापाशी दोन्ही गोंडोला शेजारी आल्या.

नवरी संतापून नंदिनीला म्हणाली, "हे तुमचे आहेत का? असतील तर घेऊन जा!"

नंदिनीने पदराने डोळे पुसले आणि हात जोडून म्हणाली, "प्लीज, आत्ता उठवू नका त्याला. पहिल्यांदाच बसलाय!"