भर वैशाखात कोट घालून

एका कचेरीच्या दाराशी माणूस वीस-पंचवीस वर्षं बसला, की किस्से आपोआप जमतात. मुद्दाम जमवावे लागत नाहीत. कापसाच्या गंजीजवळून नुसतं गेलं तरी अंगाला रुई लागते, तसंच. घरी गेल्यावर बायको विचारते, "हे काय लागलं पाठीले?" तेव्हा कुठे कळतं!

आमची कचेरी कापूस घेणाऱ्या एका इंग्रज व्यापाऱ्याची. एक अमरावतीला, एक अकोल्याला; साहेबाबरोबर आम्ही दोन्हीकडे असायचो. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि आमच्या वऱ्हाडात गाड्या उभ्या करायला जागा पुरेना. साहेबाला कारकून हवे, मापारी हवे, कापसाचे पारखी हवे. हंगाम संपला की चैत्र-वैशाखात साहेब पुढच्या वर्षाची माणसं निवडायचा. म्हणजे ऐन भट्टीत!

आणि कोणी उठवली होती देव जाणे, पण साऱ्या मुलखात एक आवई होती: कोट नसला तर साहेब दारात उभं करत नाही.

दारावर परतवाड्याचे कासिमभाई चपराशी. आत साहेबाजवळ दुभाषे म्हणून आमचे हेडक्लार्क तात्यासाहेब, पुण्याकडचे. आणि दाराबाहेर उमेदवारांची नावं लिहून घेणारा मी.

*

अमरावतीचा एक उमेदवार काळा लोकरीचा कोट घालून आला. गळ्यापर्यंत बटणं. कपाळावरून घामाच्या धारा. कासिमभाई म्हणाले, "अरे भाऊ, अंदर जाईस्तोवर तरी काढून ठेव."

"नाही जी. मेव्हण्याचा आहे. परत घालता नाही आला त पंचाईत होईन."

आत गेला आणि थबकला. साहेब पातळ मलमलीचा सदरा घालून, दोन्ही पाय गार पाण्याच्या घंगाळात सोडून बसलेला! खिडकीला वाळ्याचे ओले पडदे. साहेबानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि स्वतःलाच उकडल्यासारखं पंख्यानं वारं घेऊ लागला.

तात्यासाहेबांनी विचारलं, "शिक्षण किती?"

उमेदवार म्हणाला, "साहेब, आधी पानी."

पाणी पिऊन तो जो बसला तो उठेचना. शेवटी कोट आम्ही काढला. खाली सदरा नव्हता. नुसत्या अंगावर लोकर! साहेबानं पाय घंगाळातून बाहेर काढले. मग तात्यासाहेबांना म्हणाला, "याला सांगा, उद्या सकाळी थंड वेळेला ये. कोट न घालता."

तो आला, आणि लागला. पण मेव्हण्यानं विचारलं तेव्हा म्हणाला म्हणे, "तुमच्या कोटानंच काम झालं." आता यात खोटं बोलायचं काय कारण होतं? मी पुष्कळ विचार केला. मेव्हण्याला बरं वाटावं, एवढंच असावं.

*

अकोल्याला पातूरचे तिघे मित्र आले. पहिला आत गेला, आला. दुसरा गेला, आला. मधल्या वेळात तिघे कचेरीमागच्या चिंचेखाली जाऊन येत. मला वाटलं, सावलीला जात असतील.

तिसरा आत गेला तसं साहेबानं हातानंच त्याला थांबवलं, आणि कोटाच्या डाव्या बाहीवरचा शाईचा डाग बोटानं दाखवला. तात्यासाहेबांनी साहेबाचं बोलणं मराठीत सांगितलं:

"साहेब म्हणतात, हा कोट मी दोनदा तपासला आहे. आता माणूस दाखवा!"

तिसऱ्यानं कोट काढून घडी करून खुर्चीवर ठेवला. म्हणाला, "माह्या आधी आला तो आमच्यात हुशार आहे, साहेब. जागा एकच असन तर त्याले द्या."

बाकी दोघांना बोलावून विचारलं. तेही एकमेकांचंच नाव सांगत बसले. जागा एकच होती. तात्यासाहेबांनी दुसऱ्याचं नाव लिहायला सांगितलं, आणि बाकीचे दोघे असे खुशीत निघाले, की जणू त्यांनाच नोकरी लागली! कोट मात्र खुर्चीवरच विसरले. कासिमभाई भर उन्हात मागे धावले.

*

एकजण बडनेऱ्याकडून चालत आला. बूट हातात, पाय उघडे. माती अशी तापलेली, की तळव्याला फोड आलेले. दाराशी येऊन बूट घालू लागला तर पाय शिरेनात.

मी म्हटलं, "काहून रे, बूट होते तर घातले नाहीस वाटेत?"

तो म्हणाला, "पाय माहे आहेत. बूट दुसऱ्याचे आहेत."

मी त्याचं नाव लिहिलं. दौतीत टाक बुडवायला मला जरा वेळच लागला. आत तो बूट हातात घेऊनच गेला, आणि तात्यासाहेबांनी त्याला खुर्ची दिली. उमेदवाराला खुर्ची दिलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

*

पागोट्याचा किस्सा मात्र कचेरीत सगळ्यांच्या आवडीचा. बार्शीटाकळीच्या एका उमेदवारानं नवंकोरं कुसुंबी पागोटं बांधलं होतं. रंग कच्चा! साहेबानं हिशेबाची मोठी थोरली बेरीज घातली. हा मान खाली घालून करतोय, आणि घामाबरोबर लाल ओघळ कपाळावरून नाकावर, नाकावरून कागदावर.

साहेब ताडकन उठला. "डॉक्टर! डॉक्टर!"

उमेदवारानं मान वर केली नाही. म्हणाला, "रगत नाही जी, रंग आहे. थांबा, हातचे दोन इसरलो असतो आता!"

बेरीज बरोबर निघाली. पुढे वीस वर्षं तो आमच्याकडे होता. कधी चुकला नाही. आणि पागोटं कधी लाल घातलं नाही!

*

हे सगळे मी नोकरीत असतानाचे. एक त्याच्या आधीचा आहे. कचेरीत मी तो कधी सांगितला नाही.

मी स्वतः उमेदवार म्हणून अकोल्याला गेलो तो दिवस. शाळेच्या मास्तरांनी आपला कोट दिला होता. तो घामानं खराब होऊ नये म्हणून बाबानं धुतलेल्या धोतरात बांधून डोक्यावर घेतला. पाच-सहा कोस आम्ही चाललो. मी पुढे, बाबा मागे. बाबाच्या अंगात काही नव्हतं, कमरेला फक्त आखूड धोतर. शेतात असतो तसाच.

कचेरीजवळच्या विहिरीवर त्यानं पाणी काढलं, मला तोंड धुवायला लावलं, आणि माझ्या अंगात कोट घातला. बटणं लावायला बसला. आयुष्यात पहिल्यांदाच बटण हातात धरलं असेल त्यानं. नांगराची बोटं ती. एकेक बटण लावायला केवढा वेळ!

"जाय आता," म्हणाला. "ताठ उभा राह्यजो."

मी आत गेलो. साहेबानं दोन-चार प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. बरं चाललं होतं. मग साहेबानं खिडकीतून बाहेर पाहिलं. बाबा निंबाखाली उभा होता, पण सावली केव्हाच सरकून गेली होती. तो हलला नव्हता, कारण तिथूनच दार दिसत होतं.

साहेबानं काही विचारलं. तात्यासाहेबांनी मला मराठीत सांगितलं, "तो उन्हात उभा आहे तो माणूस कोण, म्हणतात."

मी म्हटलं, "गडी आहे."

का म्हटलं, ते मला त्या वेळीही कळलं नाही. तोंडातून निघून गेलं. परत घ्यायला वेळ होता, पण मी घेतलं नाही.

साहेब माणूस चांगला. म्हणाला, उन्हात कशाला, आत बोलवा त्याला. कासिमभाईंनी हाक मारली. बाबा आला, पायपुसण्याच्या अलीकडेच थांबला, हात जोडले.

तात्यासाहेबांनी विचारलं, "काय रे, तू यांचा गडी का?"

बाबानं माझ्याकडे पाहिलं. माझी कॉलर मानेमागे आत दुमडली होती. ती नीट करायला त्याचा हात वर आला, आणि अर्ध्यातूनच खाली गेला.

"हो जी," तो म्हणाला. "गडीच आहो मी. हा जल्मला तवापासून याच्याच इथं राबून राह्यलो."

तात्यासाहेब माझ्याकडे बघत राहिले. मग साहेबाकडे वळून त्यांनी बाबाचं पहिलं वाक्य इंग्रजीत सांगितलं. दुसरं सांगितलं नाही.