आत्याच्या आजाराचं नाव

मी घरूनच मेडिकल कोडिंगचं काम करते. लांबच्या दवाखान्यांतल्या रुग्णांचे कागद स्क्रीनवर येतात, नावं झाकलेली असतात. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्या आजाराला ठरलेला क्रमांक द्यायचा. नागापूरला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत आमचं घर. दुपारी कारखान्यांची घरघर भिंतींतून झिरपत येते. त्या आवाजात अनोळखी माणसांची दुखणी वाचताना कधी कधी पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं.

आत्या मिरजगावला एकटी राहायची. बाजारात तिचं शिलाईचं दुकान होतं. डाव्या अंगावर बसलं की आत काहीतरी रुततं, असं ती बरेच महिने म्हणत होती. बसून बसून होत असेल म्हणून तिनं स्टुलावर उशी घेतली. मग मांडीला मुंग्या यायला लागल्या, मशीनचं पायडल मारताना पाय जड पडायला लागला. तेव्हा वडील जाऊन तिला आमच्याकडे घेऊन आले.

एमआरआय झाला, सुईनं तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सार्कोमा आहे, कॅन्सरचाच एक प्रकार. ओटीपोटाच्या पोकळीत, मागच्या बाजूला. आधी रेडिएशनचा शेक देऊ, मग ऑपरेशन." परतताना रिक्षात आत्या डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली. एमआयडीसीचा चौक आला तेव्हा तशीच, डोळे न उघडता म्हणाली, "तुला ठावं हाय ना गं हे दुखनं?"

"हो," मी म्हणाले. या आजाराचा क्रमांक मी कितीतरी जणांना दिला होता, पण त्याला चेहरा असा पहिल्यांदाच आला.

शेक सुरू झाल्यावर तिला गुंगीसारखा थकवा यायचा. माझ्या टेबलाशेजारच्या खाटेवर ती पडून राहायची. पिवळ्या पडद्यातून आलेलं ऊन तिच्या अंगावरून हळूहळू सरकायचं. मी टाईप करत असायची, ती मधेच झोपायची, मधेच बोलायची, आणि कुठलं जागेपणीचं, कुठलं झोपेतलं ते मला कळायचं नाही. अशाच एका दुपारी तिनं विचारलं, "माजा नंबर कंचा?"

"सी एकोणपन्नास पॉइंट पाच."

"म्हंजी?"

"सी म्हणजे कॅन्सर. एकोणपन्नास म्हणजे मऊ ऊती. स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, त्यांना धरून ठेवणारं जाळं. आणि पाच म्हणजे कमरेखालची पोकळी."

"हाडाचा न्हाई?"

"नाही. हाडाचा वेगळा, गर्भपिशवीचा वेगळा."

"म्हंजी कापड न्हाई, अस्तर," असं म्हणून तिनं कूस बदलली आणि झोपली.

पुढच्या आठवड्यात तिच्या दुकानाशेजारची भाजीवाली मिरजगावहून भेटायला आली. स्वयंपाकघरात माझ्या आईला दबक्या आवाजात म्हणाली, "पिशवीचाच हाय ना? गावात समदी तेच म्हनत्यात."

आत्यानं खाटेवरून हाक मारली. "हिकडं ये. पिशवीचा न्हाई. बस, सांगते." मग स्वतःच्या कमरेवर हात ठेवून तिनं तिला सगळं सांगितलं. गाठ कुठं आहे, कशातून उगवली, आधी दुखत कशी नव्हती. ऐकता ऐकता भाजीवालीचा हात स्वतःच्या मांडीवर गेला. म्हणाली, "माझ्या मांडीत बी एक गाठ हाय. दुखत न्हाई, पन वाढतीया."

"उद्या माझ्यासंगं चल," आत्या म्हणाली.

भाजीवाली रात्री आमच्याकडेच राहिली आणि दुसऱ्या दिवशी दोघी एकाच रिक्षातून दवाखान्यात गेल्या. भाजीवालीची गाठ साधी चरबीची निघाली. त्या दिवशी आत्या घरी आली ती उजळलेल्या चेहऱ्यानं. रात्री बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर स्नायूचा भाग गेला, एक नसही वाचवता आली नाही. डावं पाऊल आता उचललं जात नाही, पट्टा बांधून चालावं लागतं. वडिलांनी मशीनला मोटर बसवून दिली. पायडल नसलेलं मशीन बघून आत्या जरा वेळ रडली, मग म्हणाली, "आवाज लई करतंय."

काही महिन्यांनी स्कॅन स्वच्छ आला. उपचार संपले. मी तिला सांगितलं, आता सी जातो आणि त्याच्या जागी झेडचा क्रमांक येतो. पूर्वी होऊन गेला, असा.

"समदं पुसून न्हाई टाकीत?"

"नाही. होऊन गेला, एवढं राहतं."

"ऱ्हाऊ दे. झालंच हाय ते."

तपासण्या अजून चालू आहेत, त्या चालूच राहणार. प्रत्येक स्कॅनच्या आधी तिचा आवाज बारीक होतो, माझाही.

तिला मिरजगावला सोडायला मीच गेले. सोलापूर रस्त्याला लागल्यावर ती खिडकीला डोकं टेकून झोपली. बाहेर ज्वारीची शेतं वाऱ्यानं एका बाजूला कलत होती, पुन्हा सरळ होत होती, आणि काचेत तिचा झोपलेला चेहरा त्या शेतांवरून तरंगत चालला होता. रुईछत्तिशी गावाच्या पुढं ती जागी झाली. "भूक लागली," म्हणाली. आम्ही रस्त्याकडेला गाडी थांबवली आणि गरम भजी खाल्ली.